अमेरिकेच्या यादवी युद्धाची गाणी

१२ एप्रिल १८६१ रोजी साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचे यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतली अकरा राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटली आणि उत्तरेने ती परत आणण्यासाठी शस्त्र उचलले. चार वर्षांत मेलेल्या सैनिकांचा जुना हिशेब ६ लाख २० हजारांचा आहे. अलीकडचे अभ्यासक तो साडेसात लाखांपर्यंत नेतात. सुमारे ४० लाख माणसे गुलामीतून सुटली. आणि याच चार वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून हजारो गाणी रचली, छापली आणि गायली.

ध्वनिमुद्रण तेव्हा नव्हते. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ मधला. गाणे पसरे ते कागदावरून आणि तोंडोतोंडी. शहरातल्या खात्यापित्या घरांत पियानो असे आणि नव्या गाण्याची स्वरलिपीसह छापलेली पाने त्यावर उघडलेली असत. ज्यांना ती परवडत नसत त्यांच्यासाठी नुसत्या शब्दांच्या स्वस्त चोपड्या निघत. त्या खिशात मावत, म्हणून सैनिकांच्या सामानात हमखास सापडत. युद्धाच्या आरंभी उत्तरेच्या जवळपास प्रत्येक रेजिमेंटला स्वतःचा बँड होता. त्याचा खर्च इतका वाढला की जुलै १८६२ मध्ये कायदा करून रेजिमेंटचे बँड बंद करावे लागले आणि फक्त ब्रिगेडचे बँड ठेवले गेले.

या गाण्यांचे इतिहासाच्या दृष्टीने मोल कशात आहे? इतिहासकार लिहायला बसतो तेव्हा त्याला शेवट ठाऊक असतो. युद्ध कोण जिंकले, कोणती लढाई निर्णायक ठरली, गुलामगिरी कधी संपली, हे सगळे आधीच माहीत असल्याने तो घटनांना त्या शेवटाच्या दिशेने मांडत जातो. १८६१ च्या एप्रिलमध्ये गाणे रचणाऱ्याला यातले काहीच माहीत नव्हते. बहुतेकांना वाटत होते की दोन-तीन महिन्यांत सगळे आटोपेल. तारीख लावून ही गाणी एकामागून एक वाचली की लोकांना त्या त्या महिन्यात काय वाटत होते, ते कशासाठी लढत आहोत असे समजत होते आणि ती समजूत कधी बदलली, हे उलगडत जाते.

शिकागोच्या जॉर्ज रूट यांच्यापासून सुरुवात करणे सोयीचे. ते संगीतशिक्षक होते आणि भावाच्या प्रकाशनसंस्थेत, रूट अँड केडीत, भागीदार होते. सम्टरची बातमी आली आणि आठवडाही उलटायच्या आत त्यांचे पहिले युद्धगीत छापून बाजारात आले. ते फारसे चालले नाही. पण त्यातून एक धंदा उभा राहिला: तारेने बातमी यायची, दोन दिवसांत गाणे तयार व्हायचे, आठवड्यात दुकानात दिसायचे.

जुलै १८६२ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी तीन लाख स्वयंसेवकांना हाक दिली. ती बातमी कळली त्या दुपारी रूट भावाच्या घरी आराम करत पडले होते. तिथेच त्यांना चाल आणि शब्द सुचले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बसून त्यांनी ते कागदावर उतरवले. शाई वाळते न वाळते तोच जूल्स आणि फ्रँक लंबार्ड हे गायक बंधू आत आले. त्यांना त्याच दिवशी कोर्टासमोरच्या चौकात होणाऱ्या भरतीच्या सभेसाठी गाणे हवे होते. त्यांनी एकदा म्हणून पाहिले आणि ते तसेच कोर्टाच्या पायऱ्यांवर जाऊन गायले. रूट यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की पालुपद चौथ्यांदा येईपर्यंत समोरची हजारभर माणसे ते गात होती. हेच ‘बॅटल क्राय ऑफ फ्रीडम’. दक्षिणेने पुढे याच चालीवर आपले शब्द बसवले.

याच आवाहनावर आणखी एक गाणे गाजले. न्यूयॉर्कचे जेम्स गिबन्स हे क्वेकर पंथाचे, गुलामगिरीचे कट्टर विरोधक. तीन लाख माणसे लिंकनबाबांकडे निघाली आहेत, अशा आशयाची त्यांची कविता १६ जुलैला वर्तमानपत्रात आली आणि अनेक संगीतकारांनी तिला चाली लावल्या. वर्षभरात हवा पालटली. १८६३ साली सक्तीची भरती सुरू झाली आणि ३०० डॉलर भरणाऱ्याला तीतून सूट मिळू लागली. तीनशे डॉलर ही मजुराची जवळपास वर्षाची कमाई. मग गिबन्स यांच्याच गाण्याचे विडंबन रस्त्यावर गायले जाऊ लागले; त्यात माणसांच्या जागी डॉलर आले. जुलैच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये चार दिवस दंगल पेटली. शंभरावर माणसे मेली, कृष्णवर्णीयांना रस्त्यात ठार मारले गेले, त्यांच्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला गेला. दंगेखोरांनी गिबन्स यांचे घरही लुटले. गरिबांचे युद्ध, श्रीमंतांची सूट हा राग पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतो. मूळ गाणे आणि विडंबन शेजारी ठेवले तर तो बारा महिन्यांत कसा साचला ते कळते.

‘जॉन ब्राउन’ या गाण्याची कथा याहून मोठी आहे, कारण तिच्यात युद्धाचा हेतूच बदलताना ऐकू येतो. जॉन ब्राउन हा गुलामगिरी शस्त्राने मोडू पाहणारा माणूस. १८५९ च्या ऑक्टोबरात त्याने हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर छापा घातला आणि डिसेंबरात त्याला फाशी झाली. १८६१ च्या वसंतात बोस्टनजवळच्या फोर्ट वॉरनमध्ये स्वयंसेवकांची एक तुकडी होती. तिच्यात याच नावाचा एक स्कॉटिश सार्जंट होता. सोबत्यांनी त्याची थट्टा करायला एका भक्तिगीताची चाल उचलली आणि मेलेला जॉन ब्राउन अजून चालतोच आहे, असे शब्द जुळवले. थट्टेतून संचलनाचे गाणे झाले. मॅसॅच्युसेट्सची १२वी रेजिमेंट जुलैमध्ये ते गात न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून गेली आणि पुढे साऱ्या सैन्याने उचलले. सार्जंट ब्राउन पुढच्या वर्षी नदी ओलांडताना बुडून मेला. ऐकणाऱ्यांच्या मनात मात्र फाशी गेलेला ब्राउनच होता.

नोव्हेंबर १८६१ मध्ये ज्यूलिया वॉर्ड हाउ या कवयित्रीने वॉशिंग्टनजवळ सैनिकांच्या तोंडून हे गाणे ऐकले. याच चालीला जरा बरे शब्द लिहा, असे सोबतच्या धर्मोपदेशकाने सुचवले. त्या रात्री विलर्ड हॉटेलात त्या पहाटेपूर्वी जाग्या झाल्या आणि अंधुक उजेडातच त्यांनी कविता उतरवून काढली. फेब्रुवारी १८६२ च्या ‘अटलांटिक मंथली’त ती पहिल्या पानावर आली. तिच्यात युद्ध हे ईश्वरी न्यायाचे काम ठरले होते आणि माणसांना मुक्त करण्यासाठी मरणे हा त्याचा अर्थ सांगितला होता. लिंकन यांची गुलामांच्या मुक्तीची घोषणा अजून अकरा महिने दूर होती. सरकार अजून फक्त संघराज्य वाचवण्याचीच भाषा बोलत होते.

याच चालीचे तिसरे रूप १८६४ चे. मुक्तीच्या घोषणेनंतर कृष्णवर्णीय पुरुषांची सैन्यात मोठ्या प्रमाणावर भरती सुरू झाली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार जण दाखल झाले. त्यांतल्या आर्कान्साच्या पहिल्या रेजिमेंटने या चालीवर स्वतःचे संचलनगीत गायले. आपण आता मालकांसाठी राबणार नाही, बंदूक हातात घेऊन कायद्यासाठी लढतो आहोत, असे ते ठणकावून सांगते. त्याच चालीवर आधी बराकीतली थट्टा होती, मग कवयित्रीची प्रार्थना आली आणि शेवटी कालच्या गुलामाचे निशाण. तीन वर्षांत एवढे अंतर कापले गेले.

हा प्रवास सरळ झाला नाही, हेही गाण्यांतूनच कळते. जानेवारी १८६२ मध्ये हचिन्सन कुटुंब हे त्या काळचे नामांकित गायकपथक व्हर्जिनियातल्या उत्तरेच्या छावणीत गायला गेले. त्यांनी कवी व्हिटियर यांचे गुलामगिरीविरोधी गीत म्हणताच काही श्रोत्यांनी हुर्यो उडवली. प्रकरण वरपर्यंत गेले आणि सरसेनापती मॅक्लेलन यांनी पथकाचा परवाना रद्द केला. उत्तरेच्याच छावणीत, उत्तरेच्याच गायकांना, गुलामगिरीविरुद्ध गायची बंदी! उत्तर पहिल्या दिवसापासून गुलामांच्या मुक्तीसाठी लढत होती, या सोयीच्या समजुतीला हा एक प्रसंग पुरेसे उत्तर देतो.

दक्षिणेची गाणी वेगळ्या कारणांनी बोलकी आहेत. तिचे सर्वांत लाडके गाणे ‘डिक्सी’ हे ओहायोच्या, म्हणजे उत्तरेच्या, डॅन एमेट यांनी रचलेले आणि १८५९ साली न्यूयॉर्कच्या रंगमंचावर पहिल्यांदा गायलेले. तोंडाला काळे फासून गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांची नक्कल करायची, असा तो खेळ. मळ्याकडे परतायला आतुर झालेला कृष्णवर्णीय माणूस हे गाणे म्हणतो, अशी कल्पना. फेब्रुवारी १८६१ मध्ये जेफरसन डेव्हिस यांनी दक्षिणेच्या अध्यक्षपदाची सूत्रे घेतली तेव्हा बँडने हेच वाजवले. गुलामांना गुलामीच हवीहवीशी वाटते, अशी दक्षिणेची स्वतःबद्दलची समजूत होती. ती पुसून टाकायला पुढे जे घडले तेच लागले.

‘मेरिलँड, माय मेरिलँड’ची कुळकथा सरळ बातमीतून निघते. १९ एप्रिल १८६१ रोजी बाल्टिमोरमध्ये जमावाने मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांवर हल्ला केला. गोळीबारात दोन्हीकडची माणसे पडली. मूळचे बाल्टिमोरचे जेम्स रँडल तेव्हा लुइझियानात शिकवत होते. आपला एक मित्र त्यात घायाळ झाल्याचे त्यांना वर्तमानपत्रातून कळले आणि एका रात्रीत कविता झाली. चाल जर्मन नाताळगीताची. ‘बॉनी ब्लू फ्लॅग’ हे दक्षिणेचे दुसरे लाडके गाणे. १८६२ मध्ये न्यू ऑर्लिन्स उत्तरेच्या हाती पडल्यावर जनरल बटलर यांनी त्याच्या प्रती नष्ट केल्या आणि प्रकाशकाला दंड ठोठावला. गाण्याला शत्रू मानावे लागते, एवढे त्याचे वजन होते.

दक्षिणेची हलाखी तर गाण्यांच्या कागदातच दिसते. १८६१ ची पाने जाड, रंगीत मुखपृष्ठांची. १८६४ ची पातळ आणि खरबरीत. उत्तरेच्या नाकेबंदीने कागद, शाई, धान्य, सारेच आटले होते. एप्रिल १८६३ मध्ये रिचमंडच्या रस्त्यावर बायका भाकरीसाठी दुकाने फोडत होत्या. भुईमुगाच्या शेंगांवर दिवस काढणाऱ्या सैनिकांचे ‘गूबर पीज’ हे गमतीदार गाणे छापले गेले १८६६ मध्ये. पण त्यातली भूक युद्धातली आहे.

घरच्या ओढीची गाणी मात्र सीमारेषा मानत नसत. ‘व्हेकंट चेअर’ हे एका खऱ्या मुलाचे गाणे आहे: मॅसॅच्युसेट्सचा लेफ्टनंट जॉन विल्यम ग्राउट, वय १८, ऑक्टोबर १८६१ मध्ये बॉल्स ब्लफच्या लढाईत मारला गेला. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला त्याची खुर्ची रिकामी राहिली. त्यावर हेन्री वॉशबर्न यांनी कविता लिहिली, रूट यांनी चाल दिली आणि दक्षिणेतल्या घरांतही ती गायली गेली, कारण रिकामी खुर्ची तिथेही होती. १८६३ पासून अशा गाण्यांना पूर आला. युद्ध कधी संपेल, हा एकच प्रश्न त्यांत फिरून फिरून येतो. काही सेनाधिकाऱ्यांनी ‘व्हेन धिस क्रूएल वॉर इज ओव्हर’ हे गाणे छावणीत म्हणायला मनाई केली. सैनिकांचे मन कच्चे होईल, ही त्यांची भीती.

टेनेसीतल्या मर्फ्रीजबरोजवळ ३० डिसेंबर १८६२ च्या रात्री दोन्ही सैन्ये हाकेच्या अंतरावर होती. दोन्हीकडचे बँड आपापली गाणी वाजवून एकमेकांना आव्हान देत होते. मग एका बँडने ‘होम, स्वीट होम’ सुरू केले आणि दुसऱ्या बाजूच्या बँडने तेच उचलले. हजारो सैनिक एका सुरात गाऊ लागले. सकाळी लढाई जुंपली. तीन दिवसांत मेलेले, जखमी आणि पकडलेले मिळून सुमारे २४ हजार माणसे गारद झाली. त्या रात्रीचे गाणे अनेक सैनिकांच्या आठवणींत नोंदले आहे. त्यावरून युद्ध टळण्याजोगे होते असा निष्कर्ष काढायची घाई काही लेखक करतात. ती चुकीची आहे. सारख्याच ओढीने घरची आठवण काढणारी माणसे दुसऱ्या दिवशी एका खऱ्याखुऱ्या प्रश्नावर लढली आणि तो प्रश्न लढाईशिवाय सुटला नव्हता.

तो प्रश्न ज्यांच्या जगण्याचा होता, त्यांची गाणी बराच काळ कुणी लिहूनच घेतली नाहीत. मे १८६१ मध्ये तीन गुलाम पळून व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोत आले. जनरल बटलर यांनी त्यांना युद्धात जप्त केलेला माल म्हणून ठेवून घेतले, परत केले नाही. मग माणसांची रीघ लागली. त्यांच्यात काम करणारे धर्मोपदेशक लॉकवुड यांनी मोझेस आणि फारोची कथा सांगणारे त्यांचे गीत टिपले आणि त्या डिसेंबरात ते छापून आले. म्हणजे उत्तरेचे सरकार मुक्तीचा शब्द टाळत होते त्याच वर्षी, आमच्या लोकांना जाऊ द्या, ही मागणी छापील स्वरूपात विकत मिळत होती. युद्ध कशाबद्दल आहे हे गुलामांना पहिल्यापासून माहीत होते. मालकांनाही होते: लवकरच आपण मुक्त होऊ अशा अर्थाचे भजन गायल्याबद्दल साउथ कॅरोलिनातल्या जॉर्जटाउनमध्ये युद्धाच्या आरंभी गुलामांना तुरुंगात टाकले गेले. गाण्यात देव बोलावील असे होते. त्या देवाचा अर्थ उत्तरेचे सैन्य असा घेतला गेला, हे एका ढोलकवाल्या पोराने कर्नल हिगिन्सन यांना समजावून सांगितले.

थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन हे साउथ कॅरोलिनाच्या पहिल्या कृष्णवर्णीय रेजिमेंटचे प्रमुख होते. रात्री शेकोटीभोवती सैनिक गात तेव्हा ते अंधारात खिशातल्या कागदावर शब्द उतरवून घेत. त्यांनी नोंदलेला एक प्रसंग १ जानेवारी १८६३ चा आहे. पोर्ट रॉयल बेटावरच्या छावणीत, ओकच्या झाडांखाली, मुक्तीची घोषणा वाचून झाली. वाचणारे डॉ. ब्रिस्बेन हे त्याच राज्यातले, पूर्वी स्वतःचे गुलाम मुक्त केलेले. रेजिमेंटला नवा झेंडा दिला गेला. हिगिन्सन यांनी तो हातात घेऊन फडकावला. भाषण करायला ते तोंड उघडणार, एवढ्यात मंचाच्या बाजूने एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय माणसाचा फाटका आवाज उठला. दोन बायकांचे आवाज त्यात मिसळले. हे माझ्या देशाचे गीत, अशा अर्थाचे ते सुप्रसिद्ध देशगीत होते. कार्यक्रमात ते नव्हतेच. मंचावरचे गोरे लोकही गाऊ लागले तेव्हा हिगिन्सन यांनी हाताने त्यांना थांबवले. कडव्यामागून कडवे ती माणसे एकटीच गात राहिली. ‘माझा देश’ म्हणण्याचा अधिकार मिळून त्यांना काही मिनिटेच झाली होती. मुक्तीच्या घोषणेचे कलमवार विवेचन पुष्कळ ग्रंथांत आहे. तिचा अर्थ या नोंदीइतका स्वच्छ क्वचितच कुठे उमटला असेल.

या युद्धाचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. दक्षिणेचा कापूस बंद पडताच लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले. पैशाचा महापूर आला, सट्टा फोफावला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. त्याहून खोल नाते जोतीराव फुले यांनी जोडले. शिवाजी महाराजांवर पोवाडा रचणाऱ्या जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले आणि त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा अशी आशा व्यक्त केली.

गाणी खोटेही बोलतात. हेन्री क्ले वर्क यांचे ‘मार्चिंग थ्रू जॉर्जिया’ ऐकून उत्तरेचे सेनापती शर्मन यांची १८६४ ची मोहीम आनंदाची मिरवणूक वाटते. जळलेली कोठारे आणि उखडलेले रूळ त्यात नाहीत. खुद्द शर्मन यांना हे गाणे पुढे नकोसे झाले, कारण जातील तिथे बँड तेच वाजवी. रंगमंचावरच्या नकली बोलीत लिहिलेली कृष्णवर्णीयांची गाणी कृष्णवर्णीयांची नव्हेतच. शिवाय छापणारे, विकणारे आणि पियानो असणारे यांच्या पसंतीतून गाळून आलेला हा साठा आहे. म्हणून प्रत्येक गाण्यापाशी तीन गोष्टी विचाराव्या लागतात: ते कधी छापले, कुणी विकले, आणि कोणी गायले.

युद्धानंतर तर गाण्यांचे अर्थ पुन्हा एकदा बदलले. १० एप्रिल १८६५ रोजी, दक्षिणेचे सेनापती ली यांच्या शरणागतीच्या दुसऱ्या दिवशी, व्हाइट हाउसपुढे जमलेल्या गर्दीसमोर लिंकन यांनी बँडला ‘डिक्सी’ वाजवायला सांगितले. ते गाणे आता आपण रीतसर जिंकले आहे, असे ते हसत म्हणाले. चार दिवसांनी त्यांच्यावर गोळी झाडली गेली. त्यानंतरच्या दशकांत दक्षिणेच्या पराभवाला उदात्त शोककथेचे रूप देण्यात आले आणि ‘डिक्सी’ पुन्हा त्या बाजूचे निशाण झाले. रँडल यांचे गीत मेरिलँडने १९३९ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारले. त्यात लिंकन यांना जुलमी म्हटले होते. २०२१ मध्ये ते रद्द झाले.

उलट दिशेने जाणारी एक गोष्ट १८६७ मध्ये घडली. विल्यम अॅलन, चार्ल्स वेअर आणि लूसी मॅकिम गॅरिसन यांनी ‘स्लेव्ह साँग्ज ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हे पुस्तक काढले. गुलामांच्या गाण्यांचा हा पहिला मोठा संग्रह. त्यात १३६ गाणी स्वरलिपीसह आहेत. मोजून मिळणारा मका, मीठ आणि पाठीवरचा चाबूक यांतून सुटल्याचे सांगणारे गाणेही त्यात आहे. लूसी मॅकिम १८६२ साली, विशीच्या आतच, साउथ कॅरोलिनाच्या बेटांवर गेल्या होत्या. गळ्यातल्या त्या विचित्र वळणांना आणि मागेपुढे येणाऱ्या आवाजांना स्वरलिपीत पकडणे जवळजवळ अशक्य आहे, असे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. १८७१ पासून फिस्क विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ही परंपरा सभागृहांत नेली. त्या पथकातून निघालेल्या फ्रेडरिक लाउडिन यांच्या गायकांनी १८८४ ते १८९० च्या जगदौऱ्यात भारतातही कार्यक्रम केले.

युद्धगीतांचे बहुतेक संग्रह रूट आणि वर्क यांच्यापासून सुरू होतात आणि गुलामांच्या गाण्यांना शेवटी एखादे प्रकरण देतात. हा क्रम उलटा हवा. या काळाकडे वळणाऱ्या वाचकाने १८६७ चे ते पुस्तक आधी उघडावे आणि मग शिकागो-न्यूयॉर्कची छापील पाने तारखेच्या क्रमाने चाळावीत.